सेंटवाल्या बाईंचा सुरण

३ मार्च, सकाळी

आज उगाचच आठवलं. शाळेची मागची पायरी. ताई आणि मी, मध्ये एकच डबा. त्यात आईने तळलेले सुरणाचे काप. आई त्या दिवशी घाईत आंबट घालायचं विसरली होती, आणि मधली सुट्टी संपल्यावर लगेच गाण्याचा तास. दोघींचे घसे असे खाजायला लागले की पहिल्या ओळीलाच खाकरणं सुरू. गाण्याच्या सिस्टर थांबल्या आणि म्हणाल्या, मुलींनो, हे गाणं आहे की बेडकांचं तळं? ताईने माझा हात घट्ट दाबला, हसू नकोस म्हणून. ती स्वतःच हसत होती.

बस्स, एवढंच. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण आज चहाचा कप हातात राहिला आणि चहा गार झाला.

ठराव. ताईला इथे आणायचं. कायमचं.

तिचे गुडघे गेले, तिच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, भाऊजीही आता नाहीत. ती त्या सीनियर लोकांच्या निवासात जायचं म्हणते. जागा मिळतेय, मेअखेर होय-नाही कळवायचंय. मी म्हटलं, माझ्याकडे ये. हे गेल्यापासून दुसरी खोली रिकामीच आहे, खिडकी आहे, लिफ्ट आहे आणि मी आहे. ताई म्हणाली, तू आहेस हीच तर काळजी आहे. म्हणजे काय, ते विचारलं नाही. मोठ्या बहिणींना काहीतरी बोलायचंच असतं.

मेमध्ये दोन-चार दिवस राहून बघते म्हणाली. मग ठरवेल.

५ मार्च

उपाय सापडला! मागच्या बाल्कनीतला ड्रम.

त्यात आईच्या परसातला सुरण आहे. आईचं घर सोडताना ताईने एक तुकडा माझ्या पर्समध्ये कोंबला होता, तोच. दरवर्षी पावसाळ्यात छत्रीसारखं एकच एक पान येतं आणि थंडीत झोपी जातं. खणायचा मला कधी धीर झाला नाही. इतकी वर्षं आत मुक्काम आहे म्हणजे नारळाएवढा तरी झाला असेल. ताई आली की तिच्यासमोर खणून, कापून, तळून पानात वाढायचा. आंबट न विसरता. एक घास खाल्ला की निवास वगैरे विसरेल ती.

ताईला आत्ता काही सांगायचं नाही. सरप्राइज.

११ मार्च

साबणाच्या कंपनीला तक्रारीचं पत्र टाकलं. हे तिसरं. गेल्या वर्षी मला तो मोठा ताप आला होता. त्यानंतर मी बघतेय, बाजारातल्या वस्तूंची क्वालिटी पार घसरली आहे. साबणाला वास नाही, कॉफीला वास नाही. काल तर फिनाइलच्या नव्या कोऱ्या बाटलीला वास नव्हता. भेसळ किती करावी माणसाने!

दुसऱ्या कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येणारच. कॉन्व्हेंटमधून बाहेर पडले ती थेट डिपार्टमेंट स्टोअरच्या सेंटच्या काउंटरवर, आणि रिटायर झाले तीही तिथूनच. लोक मनगट पुढे करायचे. मी एकदा हुंगायचे आणि सांगायचे, हा तुमचा नाही, तो घ्या. एकाने तरी परत आणून दिला का? नाही.

२ एप्रिल

लेकीचा व्हिडिओ कॉल. गप्पा मारता मारता एकदम ओरडली, आई, तुझ्या मागे धूर आहे! मी म्हटलं, तुझ्या फोनचा कॅमेरा बदल. वळून पाहिलं तर दुधाचं पातेलं काळंठिक्कर. लेक म्हणाली, करपल्याचा वास आला नाही का गं तुला? मी म्हटलं, हल्लीच्या दुधाला दुधाचा वास नसतो, तर करपल्याचा कुठून येणार.

ती गप्प बसली. पटलं असावं.

१९ एप्रिल

ड्रममध्ये हालचाल! कोंब आलाय. पण नेहमीसारखा पानाचा नाही. बुटका, जाड, जांभळट, अंगावर ठिपके. पावसाला अजून किती अवकाश आहे. माझी घाई याला कळली म्हणायची.

आईच्या परसात असं काही पाहिल्याचं आठवत नाही. पण मी तर पुढे बोर्डिंगातच होते.

आता नारळाएवढा म्हणणं अन्याय होईल. कलिंगडाएवढा असणार.

४ मे

कळी आहे, कळी! माझ्या सुरणाला फूल येतंय. सुरणाला फूल येतं हेच मला माहीत नव्हतं. बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरींना लिफ्टमध्ये सांगितलं तर ते म्हणाले, वा वा, आणि मेंटेनन्सच्या नोटिशीबद्दल बोलायला लागले. रुक्ष माणूस. बायकोने शिवलेला टाय लावून बागेत फिरायला जातो.

नाव ठेवलं. महाराणी.

ताई सोळा तारखेला दुपारी येतेय.

१३ मे, सकाळी

उमलली!!

काय सांगू. किरमिजी रंगाचा घेरदार झालरीचा झगा, आणि मधोमध जांभळा, सुरकुतलेला, मोठ्या कोबीएवढा मुकुट. हात लावला तर चक्क कोमट. झोपेतून उठलेल्या बाळाच्या गालासारखा. मी अख्खी सकाळ स्टूल टाकून समोर बसले. निळ्या चमकदार माश्या आल्या, काळे भुंगे आले. निसर्गाला बरोबर कळतं, चांगलं कुठे आहे ते.

आणि सुगंध! काउंटरवर नव्या मुलींना मी शिकवायचे, की सेंटला तीन पायऱ्या असतात. आधी काय भेटतं, मग काय खुलतं आणि शेवटी मनगटावर काय उरतं. महाराणीची पहिली पायरी अतिशय सूक्ष्म आहे. इतकी सूक्ष्म, की साध्या नाकाला कळणारसुद्धा नाही. दुसरी त्याहून सूक्ष्म. तिसरीची वाट बघतेय.

१४ मे, सकाळी

सेक्रेटरी दारात. नाकावर रुमाल. म्हणाले, मॅडम, बिल्डिंगमध्ये काहीतरी मेलंय. उंदीर असेल, मांजर असेल, डक्टमधून भपका येतोय, दोन नंबरच्या फ्लॅटवाल्यांनी बाथरूमला जाणं बंद केलंय. मग हात जोडून म्हणाले, वासातलं तुमच्याइतकं या बिल्डिंगमध्ये कोणाला कळतं? तुम्हीच शोधा.

शेवटी माझी आठवण झाली! मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगते.

एक गोष्ट मात्र खरी, की मला काही विशेष वास येत नव्हता. बरोबर आहे. माझं नाक ट्रेन केलेलं आहे, नको ते आपोआप बाजूला काढतं.

१४ मे, संध्याकाळी

इन्स्पेक्शन केलं. प्रत्येक मजल्यावर थांबून, डोळे मिटून, दोनदा हुंगून. मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे समोरच्या फ्लॅटमधली डेंटिस्ट. ती मास्क लावून आली होती. कामाची सवय, सुटत नाही बिचारीची.

निष्कर्ष. डेंटिस्टचं माशांचं टाकं, आणि सेक्रेटरींचं बुटांचं कपाट. मी सौम्य शब्दांतच सांगितलं. डेंटिस्ट म्हणाली, काकू, माझ्याकडे मासे नाहीत, ते प्लास्टिकचे आहेत. सेक्रेटरींनी सगळे बूट बाहेर काढून माझ्यापुढे ओळीने मांडले आणि म्हणाले, हुंगा. मी हुंगले. तिसऱ्या जोडावर बोट ठेवलं. तो त्यांनी कालच आणला होता, लेबल निघायचं होतं.

एक्स्पर्ट माणसाचं कोणी ऐकत नाही.

१५ मे

प्लंबर आला. थेट माझ्या मागच्या बाल्कनीत गेला आणि महाराणीच्या शेजारी उभा राहून म्हणाला, बाई, इथेच आहे. अगदी इथेच. पाइप फुटलाय तुमच्या फरशीखाली. मी विचारलं, फूल पाहिलंत का? म्हणाला, फूल ए-वन आहे, बाई, पण आधी फरशी फोडतो.

फोडली. पाइप ठणठणीत. तरी तो म्हणतोय, वास इथेच आहे. चहा दिला तर घेईना. पाणी घेईना. अर्धवट काम टाकून, तोंड फिरवून, जिना उतरून गेला. लिफ्ट होती तरी. हल्ली कोणाला कामाची आवड नाही.

उद्या ताई येणार आणि बिल्डिंगमध्ये ही दुर्गंधी! ती पहिल्या पायरीवरूनच निवासाला होय म्हणून कळवेल. मला रडूच आलं थोडं. काहीतरी सुचायला हवं.

१६ मे, सकाळी

सुचलं!! इतकं सोपं कसं नाही सुचलं? काउंटरवर पहिल्या दिवशी शिकवतात, की घाण वास घालवायचा नसतो, त्याच्यावर चांगला वास बसवायचा असतो.

महाराणीला देठापासून कापलं. जिवावर आलं, पण ताईपेक्षा काय मोठं आहे? लग्नातल्या डिनर सेटमधलं सूपचं मोठं भांडं काढलं, त्यात पाणी घालून तिला बसवलं आणि भांडं ताईच्या खोलीत, उशीजवळच्या टेबलावर ठेवलं. खिडक्या घट्ट बंद. दाराच्या फटीला टॉवेल. दुपारपर्यंत सुगंध नुसता कोंडून घट्ट होऊ दे.

सेक्रेटरी आणि डेंटिस्टला पाच वाजता चहाला बोलावलंय. बूट आणि मासे विसरून या म्हटलं. ताईला दिसायला हवं, माझ्याभोवती किती माणसं आहेत.

खणायचं काम चहानंतर. तराजू भाजीवाल्याकडून मागवायचा राहिला. साधा वजनकाटा पुरणार नाही.

१६ मे, रात्रीचं जेवण न करता

ताई आली.

उद्या लिहीन.

१७ मे

लिहायलाच हवं.

ताई लिफ्टमधून उतरली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, अगं बये, कोण गेलं? मी म्हटलं, बिल्डिंगचा प्रॉब्लेम आहे, तू आत ये, आत स्वर्ग आहे. आत आली. रुमाल तोंडाला. मी तिला खोलीच्या दाराशी नेलं आणि म्हटलं, डोळे मीट. ताई म्हणाली, डोळे कशाला, नाक मिटते. मी टॉवेल काढला आणि दार उघडलं.

ताई दोन पावलं मागे आली. मग भांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पलंगावर बसली आणि हसायला लागली. मला वाटलं आनंदाने. हसता हसता खोकायला लागली, खोकता खोकता उलटीवर आली, मग पुन्हा हसायला लागली. मला वाटलं, अतिआनंदाने.

तेवढ्यात सेक्रेटरी केक घेऊन आले. दारातच त्यांचा चेहरा केकच्या क्रीमसारखा झाला. डेंटिस्टने नेमका मास्क लावला नव्हता, तिने केकचं खोकं नाकाला लावलं. ताई आतून म्हणाली, या, या, मयत बघून घ्या. अहो, सुरण फुललाय. त्याला असाच वास येतो. सडक्या मांसाचा. माश्या याव्यात म्हणून.

तिने सगळ्यांना गोष्ट सांगितली. आईच्या परसातला एक सुरण खणायचा राहिला होता आणि भिंतीमागे फुलला होता. बाबा सगळीकडे मेलेलं मांजर शोधत हिंडले, शेजाऱ्यांच्या माळ्यावर चढले, भांडण झालं. मांजर स्वयंपाकघरात दूध पीत होतं. हिला कुठून माहीत असणार, ही बोर्डिंगात. सगळे हसले. सेक्रेटरी इतके हसले की टायने डोळे पुसले. मीही हसले.

मग डेंटिस्टने हळूच विचारलं. पण काकू, तुम्ही तर त्या फुलाच्या शेजारीच होतात. तुम्हाला कसा नाही आला?

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, चहा उकळतोय, आलेच. चहा अजून टाकलासुद्धा नव्हता.

१८ मे

महाराणीला पिशवीत गुंडाळून ताईने स्वतः खाली नेऊन कचऱ्यात टाकलं. खिडक्या उघड्या. रात्री ती माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोपली. लाथा मारते. अजून.

सकाळी म्हणाली, खुर्चीत बस, डोळे मीट, एक सेंट ओळखून दाखव. मी म्हटलं, अगं, हा तर माझा धंदा. तिने काहीतरी नाकाजवळ धरलं. मी एक क्षणही लावला नाही. सांगितलं, फ्रेंच आहे, लॅव्हेंडर, जुना स्टॉक, आता मिळत नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उत्तम सेंटने येतंच.

डोळे उघडले. ताईच्या हातात कांदा होता. अर्धा कापलेला.

तिने कांदा बाजूला ठेवला. मग तिने मोहरीचं तेल धरलं. मग व्हिनेगर. मग गॅसचं बटण एक सेकंद फिरवून बंद केलं आणि विचारलं, आता? मी म्हटलं, खरं सांगू का? ती म्हणाली, सांग. मी म्हटलं, काहीच नाही गं. तापापासून.

ती म्हणाली, मग त्या बिचाऱ्या साबणवाल्यांना कशाला पत्रं लिहितेस?

लेकीला फोन झाला. दोघी माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत होत्या, मी फर्निचर असल्यासारखं.

१९ मे

मुद्दाम कपाट उघडलं. आईची शाल वरच्या कप्प्यात असते. गेलं वर्षभर मला वाटत होतं की तिचा वास उडून गेला. कोणी तरी धुतली असेल, मीच धुतली असेन. तिच्यावरून मी स्वतःला बरंच बोलले होते.

ताईला दिली आणि म्हटलं, बघ तरी. तिने नाक खुपसलं. खूप वेळ वर काढलंच नाही. मग म्हणाली, आहे गं. आहे सगळी.

मी शाल परत ठेवली.

२० मे

ताई गेली. लिफ्टच्या दारात म्हणाली, कळवते. निवासवाल्यांना की मला, ते म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. उत्तर मला माहीत आहे. जी बाई फुटक्या पाइपाच्या आणि सडक्या फुलाच्या वासात फरक करू शकत नाही, तिच्या घरी कोण राहील?

घर कसं सुनं झालंय. वासाचं सोडा, आवाजसुद्धा नाही.

२४ मे

फोन नाही. ड्रम खणायचा विचार केला. धीर झाला नाही.

सेक्रेटरी आले. म्हणाले, बुटांचं मनावर घेऊ नका. मी म्हटलं, मनावर तुम्ही घ्यायचं आहे. हसले. माणूस तसा वाईट नाही.

२९ मे

ताईचा फोन. रागावली होती. म्हणाली, इतके दिवस मी तुझ्या फोनची वाट बघतेय, तुला विचारता येत नाही का, येतेस का म्हणून? मी म्हटलं, येतेस का? म्हणाली, येते. मी निवासवाल्यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणून कळवलं होतं.

माझा आनंद पोटात मावेना. म्हटलं, फुलामुळे ना? सुरणामुळे? ती म्हणाली, गॅसमुळे. तुला एकटीला सोडलं तर एक दिवस बिल्डिंग उडवशील. माझे गुडघे नाहीत, तुझं नाक नाही. एक अख्खी बाई होईल दोघींची मिळून.

म्हणजे मी तिला सांभाळायला आणत नाहीये. ती मला सांभाळायला येतेय. मी म्हटलं, असं काही नाही. ती म्हणाली, असंच आहे.

असंच असेल.

२ जून

ताई सामानासकट आली. दोघींनी मिळून ड्रम खणला. ती खुर्चीत बसून सूचना देत होती, मी मातीत. कलिंगड नव्हतं. नारळ नव्हता. बटाट्याहून थोडा मोठा, सुरकुतलेला, पोकळ झालेला एक गड्डा. ताई म्हणाली, सगळं त्या मुकुटात घातलं बाईने. बाजूला काही पिल्लं मात्र निघाली, लिंबाएवढी. काप काही होणार नाहीत. ताईने माझ्यासाठी बटाटे तळले. आंबट घातलं, उगाच.

आता कोणाला काय, ते लिहून ठेवते.

एक पिल्लू सेक्रेटरींना. सोबत माझा शब्द, की त्यांच्या बुटांना कसलाही वास नाही. निदान माझ्यापुरता.

एक प्लंबरला, कारण तो बरोबर होता. वास तिथेच होता. गॅसची शेगडीही त्यालाच. विजेची उद्या येते. त्याने येऊन फरशी बसवून द्यावी.

मोठा गड्डा परत मातीत. ड्रम गच्चीवर, टाकीच्या पलीकडे. कळी दिसली तर ताईने बिल्डिंगमध्ये आधी कळवायचं. मी नाही.

कपाटातल्या सेंटच्या बाटल्या लेकीला. न उघडलेली मोठी डेंटिस्टला, तिला त्या आठवड्याची भरपाई म्हणून.

खिडकीची खोली ताईला.

आईची शालही ताईच्या कपाटात. रोज नको, उडेल. अधूनमधून. तिने वास घ्यायचा आणि मला सांगायचं, काउंटरवर सांगतात तसं. आधी काय भेटतं, मग काय खुलतं आणि शेवटी काय उरतं.